पावसाळाभर बंद राहणारं मुळशीतलं घर: काय उरकायचं, काय सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचं निवृत्त जोडपं, मुळशीत कोळवणच्या बाजूला त्यांचं लाकूड आणि पत्र्याचं छोटं घर. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं मुलीकडे कॅनडाला निघणार, परतणार दिवाळीनंतर. मे नुकताच लागलाय आणि कामांची यादी लांबलचक आहे: व्हरांड्याचा पत्रा भिंतीला मिळतो तिथली गळती, बाथरूमच्या फरशा बदलणं, डेकचं पॉलिश, बाहेरून रंग, फुगणारी दारं, इन्व्हर्टर, आणि घरामागे गाडी लावायला जेसीबीने कापलेली जागा, जिथे दगडी भिंत अर्धीच उभी आहे. ‘पाच आठवडे हातात आहेत, कोणत्या क्रमाने केलं म्हणजे सगळं उरकेल?’

सगळं उरकणार नाही. पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत आणि तिकडे वेल्ह्यात माझी कामं चालतात. मेमध्ये दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि दरवर्षी माझं उत्तर हेच असतं. तुमच्याकडे पाच आठवडे नाहीत, अडीच-तीन आहेत. गवंडी आणि सुतार बाहेरगावचे असतील तर लग्नसराई आणि पेरणीसाठी मेच्या मध्यानंतर गावाला जातात. स्थानिक माणसं तेव्हा भाताच्या रोपांच्या तयारीला लागलेली असतात, आणि दुप्पट मजुरी दिली तरी स्वतःचं शेत सोडून तुमच्या फरशा बसवायला कोणी येत नाही. येऊही नये. त्यात पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. मृग सात-आठ जूनला लागतो, म्हणून लोक सात जून डोक्यात धरून बसतात. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत पोचला. आपल्याकडेही त्याच सुमारास धो-धो सुरू झालं. ज्यांनी ‘अजून दहा-बारा दिवस आहेत’ म्हणून छप्पर उघडून ठेवलं होतं, त्यांच्या गाद्या, सोफे आणि वायरिंग सगळं भिजलं.

म्हणून माझा नियम असा: १५ मेनंतर छप्पर, फरशी आणि माती, या तीनपैकी काहीही नव्याने उघडायचं नाही. उघडलेलं असेल ते बंद करायचं. काम पूर्ण दिसतंय का, हा प्रश्न बाजूला ठेवा. पाणी कुठून येणार आणि कुठून बाहेर पडणार, एवढंच बघा. अर्धवट रंगवलेली भिंत पावसाळा आरामात काढते. अर्धवट बसवलेला पत्रा पहिल्या वादळी पावसातच उचकटतो.

तुमच्या यादीत मागची भिंत सगळ्यात शेवटी आहे. मी ती सगळ्यात वर घेईन, गळतीच्याही आधी. पत्रा गळला तर सामान भिजेल. मागची माती खाली आली तर ती घराच्या भिंतीवरच येणार. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. दीड-दोन तासांच्या अंतरावर ताम्हिणीत तो सहा हजारांच्या वर जातो, आणि २०२४ च्या जुलैमध्ये तिथे एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पडला. कोळवण ताम्हिणीइतकं ओलं नाही, पण कापलेल्या उताराला तेवढ्या पावसाची गरजही नसते. चार दिवस संततधार लागली की माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते आणि आजवर आधार देणारा पायथा तर आपणच कापून टाकलेला असतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर अख्खी दरड आली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात उताराशी खेळताना कोणीही दोनदा विचार करायला हवा. तुमची जागा त्यापुढे चिमूटभर असेल, पण ओल्या मातीचा स्वभाव तोच.

भिंत पुरी करायची घाई मात्र करू नका. घाईत बांधलेली, मागचं पाणी बाहेर सोडायला वाट नसलेली दगडी भिंत अर्ध्या भिंतीपेक्षा धोकादायक, कारण ती बांधासारखी पाणी अडवते आणि मग एकदमच जाते. आत्ता करायचं ते असं. कापलेल्या कड्याच्या वरच्या अंगाला, काठापासून दोन-तीन मीटर मागे, आडवा चर खणून घ्या. डोंगरावरून येणारं पाणी कड्यावर पोचायच्या आधीच बाजूला वळलं पाहिजे. चराला एका दिशेने उतार द्या आणि तो जवळच्या ओहोळात नेऊन सोडा. शेजाऱ्याच्या भातखाचरात सोडू नका. ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत, त्याचा बांध फुटला तर दिवाळीनंतर परत आल्यावर गावात चहा मिळायचा नाही. जेसीबीने काढलेला मातीचा ढीग वरच्या काठावर असेल तर आधी तिथून हलवा. तेवढं वजन काठाला नको. उभा कापलेला भाग तिरका करून घ्या, सुटे दगड काढा, पायथ्याला मातीच्या गोण्या रचा. जी भिंत उभी झालीय तिच्यात वीपहोलचे, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकांचे, पाइप आहेत का बघा. नसतील तर ड्रिलने तीन-चार इंची भोकं पाडून पाइप बसवा, त्यांचा उतार बाहेरच्या बाजूला. भिंतीच्या मागे मुरूम भरला असेल तर निदान पाइपांच्या तोंडाशी तो काढून खडी आणि दगडगोटे भरा. कापलेला भाग माणसाच्या उंचीपेक्षा जास्त असेल तर माझं किंवा तुमच्या ठेकेदाराचं ऐकून थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागेवर न्या. पुण्याहून एका शनिवारचं काम आहे.

आता पत्रा. व्हरांड्याचा उतरता पत्रा घराच्या भिंतीला भिडतो तिथे गळतंय, असं तुम्ही म्हणता. मुळशीतल्या दहातल्या आठ घरांत तिथेच गळतं. दरवर्षी कोणीतरी येतो, जोडावर सिमेंट थापतो, त्यावर डांबर किंवा सिलिकॉन फिरवतो, पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या जूनला तीच जागा पुन्हा ठिबकते. कारण साधं आहे. पत्रा हलतो. सहा मीटर लांबीचा पत्रा रात्रीच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात, चाळीस अंशांच्या फरकाने, जवळपास तीन मिलिमीटर लांबी बदलतो. सिमेंटला एवढं सरकता येत नाही, ते तडकतं. काम टिकाऊ व्हायचं तर भिंतीत कटरने इंचभर खोल आडवी खाच मारायची, पत्र्याच्या फ्लॅशिंगची, म्हणजे जोड झाकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीची, वरची कड त्या खाचेत घुसवायची, खालची कड छपराच्या पत्र्यावर सहा इंच तरी नुसती आणून सोडायची, आणि खाच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरायची. फ्लॅशिंग भिंतीला घट्ट, पत्र्यावर मात्र मोकळं. मग पत्रा खुशाल हलू दे. चांगला फॅब्रिकेटर असेल तर एका दिवसाचं काम. सोबत सगळ्या छपराचे स्क्रू बघून घ्या. रबरी वायसर उन्हाने तडकलेला असेल तर बदला, भोक सैल झालं असेल तर एका नंबरने जास्त जाड स्क्रू घ्या. मशीनने इतकं आवळू नका की वायसर चपटा होऊन बाहेर येईल. तसा वायसर एक पावसाळाही टिकत नाही.

दुरुस्तीआधी एक संध्याकाळ गळती शोधायला द्या, कारण जिथे डाग दिसतो तिथे भोक नसतं. पाणी पत्र्यातून आत येतं, खालच्या पाइपावरून वाहत जातं आणि वेल्डिंगच्या गाठीशी किंवा एखाद्या स्क्रूच्या टोकाशी खाली पडतं. एकाने बॅटरी घेऊन आत उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. पाणी खालून सुरू करायचं, वळचणीपासून. दहा मिनिटं तिथे, मग हातभर वर, परत दहा मिनिटं. पहिल्यांदाच वर आढ्याशी पाणी सोडलं तर सगळं छप्पर ओलं होतं आणि काही कळत नाही. आतल्याने ‘आलं!’ म्हटलं की बाहेरच्याने खडूने खूण करायची. बहुतेक माणसं हे करायला कंटाळतात आणि अख्ख्या छपरावर महागडं कोटिंग मारून घेतात.

पन्हळी साफ करा आणि खाली येणाऱ्या पाइपाच्या तोंडावर जाळी बसवा. घरावर आलेल्या फांद्या छाटा. पश्चिमेकडून झड येते ती बाजू सगळ्यात महत्त्वाची. त्या भिंतीच्या भेगा आत्ता भरून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात देऊन टाका. बाकी तीन बाजूंच्या रंगाचं नाव दिवाळीपर्यंत काढू नका. नवं प्लास्टर केलं असेल तर ते महिनाभर तरी वाळल्याशिवाय त्यावर रंग धरतच नाही. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताडपत्रीचा आडोसा करा, पण पट्ट्या मारून, नुसत्या दोरीने बांधून नाही. ताडपत्री पुण्यात बोहरी आळीत घ्यायची असेल तर याच आठवड्यात घ्या. शेवटच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि जाडीच्या नावाखाली काय वाट्टेल ते खपवतात.

बाथरूमच्या फरशांना हात लावू नका. फोडणं, पाइपांची प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंगचे थर, दोन दिवस पाणी साठवून चाचणी, मग फरशी, मग सांधे भरायचं ग्राउट, आणि प्रत्येक पायरीला वाळायचा किंवा पाणी मारायचा वेळ. नीट केलं तर तीन आठवडे लागतात. तुमच्याकडे तीनच आहेत आणि त्यात मागची भिंत आहे. यात नेहमी चाचणीचे दोन दिवस कापले जातात आणि वर्षभराने खालच्या लाकडात बुरशी निघते. घर बंद असताना बाथरूम वापरणार कोण? ढिल्या फरशांच्या सांध्यांतलं जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा आणि बाथरूमचा मुख्य व्हॉल्व बंद करून जा. फरशी निवडायचं काम मात्र कॅनडात बसून करता येईल.

डेकच्या पॉलिशबद्दल मी थोडा मऊ आहे. खरं तर मे पॉलिशला वाईट महिना नाही, लाकूड खडखडीत वाळलेलं असतं. पण त्यासाठी आधी जुना थर घासून काढावा लागतो, आणि अर्धा डेक उघडा असताना वळीव आला की पाइनवर काळे डाग पडतात, ते मग घासून जात नाहीत. भिंत आणि पत्रा २० मेपर्यंत हातावेगळे झाले, तर लाकडात मुरणाऱ्या तेलाचा एक हात द्या. वर थर धरणारं चकचकीत पॉलिश नको. त्याच्याखाली ओल अडकली की ते पापुद्र्यांनी सुटतं. वेळ नाही मिळाला तर एवढंच करा: फळ्यांच्या फटींमध्ये अडकलेला पाला जुन्या करवतीच्या पात्याने काढा, म्हणजे पाणी थांबणार नाही, आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना प्रायमर लावा. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाकडूनच पितं. अळशीचं तेल वापरलं तर त्याच्या चिंध्या गोळा करून खोलीत टाकून जाऊ नका. त्या बोळ्यात आपोआप उष्णता वाढते आणि ठिणगीशिवाय पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा, मगच टाका.

दारं फुगतात म्हणून सुतार बोलावून रंधा मारायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. मेमध्ये जे दार चौकटीत छान बसतं ते जुलैत हमखास अडकतं, आणि जुलैत रंधलेलं दार पुढच्या मेमध्ये फट दाखवतं. आत्ता तिन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर मोकळे ठेवा आणि कडांना, विशेषतः खालच्या कडेला, सीलर लावा. सुतार खालची कड कधीच रंगवत नाहीत, कारण त्यासाठी दार उतरवावं लागतं. राखणदाराला जे एक दार उघडायचं आहे ते तरी उतरवून करून घ्या. नाहीतर तो ऑगस्टमध्ये खांदा लावून दार उघडेल आणि चौकटीसकट आत जाईल.

विजेचं काम सोपं आहे, पण लोक ते निघायच्या दिवशी घाईत करतात. ईएलसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचं) टेस्टचं बटण दाबून बघा. खटका पडला नाही तर तो बदलल्याशिवाय जाऊ नका. फाटकाचा दिवा, कॅमेरा आणि पंप यांच्यापुरते एमसीबी चालू, बाकी सगळे बंद. फ्रिज, टीव्ही यांचे प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मुळशीत वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि चालू ठेवलेला इन्व्हर्टर स्वतःच बॅटरी पिऊन टाकतो. ट्युब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा, पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा आणि मग एक टर्मिनल सोडवून ठेवा. कॅमेऱ्याला लहान वेगळा बॅकअप द्या. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा.

छतावरची प्लॅस्टिकची टाकी रिकामी करून जायची सवय लोकांना आहे. करू नका. रिकामी टाकी वाऱ्यात उडते, मी शेजारच्या शेतातून आणून दिलेल्या आहेत. निम्मी भरा, झाकण तारेने बांधा, खालचा व्हॉल्व बंद. बोअरचा पंप पाच महिने बंद राहिला तर जाम होतो, म्हणून पंधरवड्याला दहा मिनिटं चालवायला सांगा. नहाणीच्या जाळीखाली साठलेलं पाणी आटलं की तिथून झुरळं आणि वास दोन्ही वर येतात. निघताना तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडा, पाणी लवकर आटत नाही. अंगणात बादल्या, कुंड्यांच्या बशा, टायर काही उघडं ठेवू नका, डासांची पैदास तिथेच होते.

आतल्या सामानावर प्लॅस्टिक टाकू नका. खाली ओल कोंडते आणि बुरशी येते. जुन्या सुती चादरी पुरेत. गाद्या भिंतीला न टेकवता उभ्या करा, कपाटांची दारं अर्धी उघडी ठेवा, पुस्तकं आणि चामड्याच्या वस्तू कोथरूडला आणा. धान्य, बिस्किटं, साबणसुद्धा, काही मागे ठेवू नका. उंदीर आत आला की आधी खायला शोधतो, मिळालं नाही की वायरी कुरतडतो. पाइप भिंतीतून आत येतात तिथल्या भोकांत तारेची घासणी कोंबून वर पुट्टी भरा. वाळवीचं औषध पेस्ट कंट्रोलवाल्याकडून आत्ताच मारून घ्या. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, आणि लाकडी घराला त्या दिवसांत जपावं लागतं.

एवढं करूनही गावात एक माणूस लागतोच. पैसे वाचवून त्याला ‘अधूनमधून लक्ष ठेव’ म्हणून चालत नाही. महिन्याची रक्कम ठरवा आणि कामही ठरवा: पहिल्या जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी चार जागांचे व्हिडिओ पाठवायचे: व्हरांड्याचा जोड आतून, मागचा चर, वीपहोलमधून पाणी येतंय का, आणि पन्हळीचं तोंड. वीपहोलमधून स्वच्छ पाणी येणं ठीक. पाणी सतत गढूळ येऊ लागलं, पाऊस चालू असताना येणंच थांबलं, किंवा कड्यावर नवी भेग दिसली, तर त्याने आत न जाता तुम्हाला आणि इंजिनिअरला फोन करायचा. आषाढात घर उघडायचा हट्ट नको. श्रावणात उघडीप मिळाली की दिवसभर दारंखिडक्या सताड उघडून संध्याकाळी बंद करायच्या, आणि हे गणपतीपर्यंत दोन-तीनदा झालं तरी आतली हवा पुष्कळ सुधारते. किती दिवस बाहेर आहात हे पोलीस पाटलांना सांगून ठेवा, राखणदाराचा नंबरही त्यांच्याकडे द्या.

शेवटचं, ठेकेदाराच्या पैशांचं. निघायच्या आधी ‘हिशोब पुरा करून टाका’ असं तो म्हणेल, आणि तुम्हालाही मिटवून जावंसं वाटेल. पत्रा आणि मागची भिंत, या दोन कामांचे दहा टक्के तरी राखून ठेवा आणि ते पावसाळ्यानंतर देणार हे काम सुरू व्हायच्या आधी, एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी ठरवा. काम झाल्यावर हा विषय काढला तर भांडण होतं. आणि त्याने नाही म्हटलं, तर ते काम त्याला देऊच नका.